तीन रुपये जास्त : एका रकान्याचं प्रकरण

संध्याकाळी पावणेसहाला सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या शाखेतून फोन आला. त्यांचं सॉफ्टवेअर आमचं. "सर, रोख जुळेना. तीन रुपये जास्त येतायत."

कमी आले असते तर फोन आलाच नसता. रोखपालांनी खिशातून तीन रुपये काढून गल्ल्यात टाकले असते आणि घरी गेले असते. जास्त आले की पंचाईत, कारण ते कोणाचे तरी असतात. शाखेत सगळ्या पावत्या पुन्हा चाळल्या गेल्या आणि एक सापडली. कर्जाच्या हप्त्याची, २४,९९७ रुपयांची. हप्ता पंचवीस हजारांचा होता, सभासदाने पंचवीस हजार मोजून दिले होते, आणि रोखपाल शपथेवर सांगत होते की त्यांनी पंचवीस हजारच टाकले.

आमचं पहिलं मत अर्थातच असं की हाताची चूक असणार. पण २५,००० टाकताना चुकून २४,९९७ कोणी टाकत नाही. शून्य कमी-जास्त होतं, आकडा मागेपुढे होतो. इतकी बेमालूम चूक बोटं करत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी मी शाखेत जाऊन काउंटरमागे त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

अर्ध्या तासात दिसलं. त्यांचा मॉनिटर जुना आणि लहान, त्यामुळे 'जमा करा' हे बटण पडद्याच्या खाली राहायचं. ते रक्कम टाकायचे, उजवा हात माउसवर जायचा आणि खाली जाण्यासाठी चाक फिरवायचे. बाण मात्र अजून रकमेच्या रकान्यावरच असायचा. पान हलायचं नाही. मग ते माउस जरा बाजूला घेऊन पुन्हा चाक फिरवायचे, पान खाली जायचं, बटण दाबलं जायचं. पान न हललेल्या त्या पहिल्या वेळी चाकाचे तीन खटके रकमेतून तीन रुपये घेऊन गेले होते. त्यांची नजर बटण शोधत होती. आकड्याकडे बघायचं त्यांना काही कारणच नव्हतं.

ब्राउझरच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नव्हतं. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतला 'नंबर' प्रकारचा इनपुट (भरायचा रकाना) वर-खाली बाणांनी कमी-जास्त करायच्या नगांसाठी बनला आहे. तिकिटं किती, वह्या किती, अशा ठिकाणी चाक फिरवून आकडा बदलणं ही सोयच. रक्कम ही तशी गोष्ट नाही. आम्ही 'आकडा आहे ना, मग नंबर' एवढाच विचार केला होता. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळांच्या डिझाइन सिस्टिमने २०२० साली याच प्रकारच्या तक्रारींवरून नंबर इनपुट बाजूला ठेवला आणि साधा मजकुराचा इनपुट घेऊन मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड तेवढा मागवण्याची पद्धत सुचवली. ते आधी वाचलं असतं तर माझा एक दिवस आणि एसटीचं भाडं वाचलं असतं. पण मग मी काउंटरमागे बसलोही नसतो.

एक ओळ, पण कुठे?

दुरुस्ती एका ओळीची होती. ती करायची कुठे, हा प्रश्न निघाला.

आमची तीन उत्पादनं आहेत : पतसंस्थेचं, बाजार समितीतल्या अडत दुकानांचं आणि पगारपत्रकाचं. तिन्ही रिअ‍ॅक्ट या पडदे बांधायच्या साधनात, तीन वेगळ्या टोळक्यांनी लिहिलेली. रक्कम घेणारा रकाना शोधायला बसलो तर एकाच कोडच्या भावकीतले कितीतरी तुकडे निघाले. कोणीतरी कधीतरी एकदा लिहिलेलं, मग उचलून चिकटवलेलं, मग प्रत्येकाने आपापल्या गरजेप्रमाणे वाकवलेलं.

त्यातला एक तुकडा मी अजून नवीन मुलांना दाखवतो. स्वल्पविराम काढून टाकण्यासाठी लिहिलेली ती ओळ फक्त पहिला स्वल्पविराम काढायची, कारण जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या भाषेत 'रिप्लेस' ह्या बदलायच्या आज्ञेला साधा मजकूर दिला की ते पहिल्या जागीच थांबतं. १,२५,००० मधून उरायचं १२५,०००. त्यावर मजकुराची संख्या करणारं 'पार्सफ्लोट' लावलं की ते स्वल्पविरामापाशी थबकून १२५ परत करायचं. सव्वा लाखाचे सव्वाशे! हा तुकडा पगारपत्रकात होता आणि तिथे हाताने स्वल्पविराम कोणी घालत नसल्यामुळे तो वर्षभर शांत झोपून होता. एक्सेलमधून रक्कम उचलून चिकटवली असती तर जागा झाला असता.

ठरलं, की तिन्ही उत्पादनांसाठी रकमेचा एकच कंपोनंट, म्हणजे पडद्याचा पुन्हा पुन्हा वापरता येणारा भाग, करायचा. नाव 'रक्कम'. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. हे फार सोपं वाटत होतं.

पहिली आवृत्ती, जी फुगत गेली

पहिली आवृत्ती मी लिहिली, त्यामुळे तिच्याबद्दल मोकळेपणाने वाईट बोलायला हरकत नाही. चाकाचा प्रश्न मिटला, स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी पडू लागले, रुपयाचं चिन्ह डावीकडे आलं. मग मागण्या आल्या. पगारवाल्यांना वजावटीसाठी उणे चिन्ह हवं होतं. पतसंस्थेला शून्य चालणार नव्हतं, पगारवाल्यांना चालणार होतं. अडतवाल्यांना बिलाची रक्कम पूर्ण रुपयात हवी होती. कोणाला चिन्ह नको, कोणाला ठरावीक मर्यादेपुढे लाल रंग. प्रत्येक मागणी रास्त होती आणि प्रत्येकीसाठी मी एक प्रॉप (कंपोनंटला बाहेरून द्यायची सेटिंग) वाढवत गेलो. होय-नाही असे आठ प्रॉप झाले तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, "दोनाचा आठवा घात किती?" २५६. एवढ्या जोड्यांपैकी आम्ही तपासत होतो पाच-सहा.

मग अडतवाल्यांनी त्यात वजन घातलं. तसा त्यांचा दोष नाही. त्यांना आकड्याचा रकाना हवा होता, तयार एक होता, त्याला दशांशाची तीन स्थळं आणि चिन्हाऐवजी 'क्विंटल' हा शब्द घेता यावा एवढंच त्यांनी मागितलं. मी दिलं. देताना दशांश स्थळांचा मूळ आकडा दोनाचा तीन करून बसलो आणि पगारपत्रकाचा रकाना पैशाच्याही दहाव्या भागापर्यंत आकडे स्वीकारू लागला. महिनाअखेर बेरजेत एक पैसा इकडेतिकडे. पगारवाल्यांनी त्या दिवसापासून आमची आवृत्ती जिथे होती तिथेच गोठवून ठेवली, आणि कित्येक महिने पुढची घेतली नाही. दोष त्यांना देता येत नव्हता.

खरा धडा मात्र बाजार समितीच्या आवारात मिळाला. अडत दुकानातला मुनीम वजन टाकत होता. काट्यावर बारा क्विंटल पाच किलो आलं. त्याने टाकलं १२.५. पडद्याच्या हिशेबाने ते बारा क्विंटल पन्नास किलो झालं. शेतकऱ्याच्या पट्टीवर पंचेचाळीस किलोचा माल जास्त चढला. हमाली, तोलाई त्या वजनावरच लागली. मुनीम चूक नव्हता. तो बोलताना 'बारा क्विंटल पाच' म्हणतो, टिंब त्याच्या लेखी क्विंटल आणि किलो यांच्यामधली भिंत आहे. पैशांच्या बाबतीत असं होत नाही. रुपये आणि पैसे आता कोणी वेगळे उच्चारत नाही. २५ पैशांपर्यंतची नाणी तर ३० जून २०११ पासून चलनातूनच गेली.

म्हणजे वजनाला टिंबाचा एक रकाना नकोच होता. दोन रकाने हवे होते, क्विंटलचा आणि किलोचा. माझा सर्वगुणसंपन्न कंपोनंट त्या जागी कितीही प्रॉप लावले तरी चुकीचाच होता. दोन्हीकडे आकडे असतात, एवढीच त्यांची ओळख.

१९६८ साली जर्मनीत गार्मिशला सॉफ्टवेअरवर नाटोची परिषद झाली. तिथे संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकिलरॉय यांनी सॉफ्टवेअरचे सुटे भाग कारखान्यासारखे तयार करून यादीतून निवडता यावेत अशी कल्पना मांडली. त्यांचं उदाहरण होतं कोनाचा साइन काढणाऱ्या रूटीनचं, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमचं. त्यांना अशा रूटीनचं कुटुंब हवं होतं, कोणाला अचूकता जास्त, कोणाला वेग जास्त, ज्याला जे हवं त्याने ते उचलावं. हे मी विद्यार्थी असताना वाचलं होतं आणि सोयीस्करपणे 'सुटे भाग' एवढंच लक्षात ठेवलं होतं. कुटुंब विसरलो होतो.

दुसरी आवृत्ती

दुसऱ्या वेळी पडद्याला हात लावायच्या आधी एक साधं फंक्शन लिहिलं. मजकूर द्या, पैसे घ्या. पैसे म्हणजे अक्षरशः पैसे, पूर्णांकात. रुपये दशांशात ठेवले की जावास्क्रिप्ट ०.१ आणि ०.२ मिळवून ०.३०००००००००००००००४ दाखवतं, आणि १.००५ ला दोन स्थळांपर्यंत आणायला सांगितलं तर १.०० देतं. पैशांत ठेवलं की हा प्रश्न उरत नाही. सुरक्षित पूर्णांकाची मर्यादा रुपयांत साधारण नव्वद लाख कोटींवर जाते, आमच्या कुठल्याही पतसंस्थेला पुरून उरेल.

ह्या फंक्शनमध्ये पडदा नाही, रंग नाही, रिअ‍ॅक्टही नाही. त्याला काय काय खायला घालायचं याची यादी आम्ही शाखांमधून गोळा केली आणि ती वाचण्यासारखी आहे. 'रु. ५०००/-' असं लिहायची सवय असलेले लोक पडद्यावरही शेवटी तिरकी रेघ आणि आडवी रेघ टाकतात. एक्सेलमधून येणाऱ्या रकमेला पुढे रुपयाचं चिन्ह आणि मध्ये एक न दिसणारी जागा असते. आणि एका शाखेतल्या ताईंचा कीबोर्ड कायम मराठीवर असतो. त्यांनी देवनागरीत पंधराशे टाकले की आमचा जुना रकाना कोरा व्हायचा, कारण जावास्क्रिप्टच्या लेखी देवनागरी आकडे हे आकडेच नाहीत. त्या कित्येक महिने प्रत्येक रकमेच्या आधी कीबोर्ड बदलत होत्या आणि कधी तक्रार केली नाही. "मला वाटलं, असंच असतं," म्हणाल्या. नवीन फंक्शन आधी देवनागरी आकडे बदलून घेतं, मग पुढचं बघतं.

उलट्या दिशेचाही एक घोळ होता. पडद्यावर रक्कम दाखवताना ब्राउझरला भाषा सांगावी लागते. 'भारतीय इंग्रजी' सांगितलं की लाख-कोटीचे स्वल्पविराम आणि इंग्रजी आकडे मिळतात. 'मराठी' सांगितलं की स्वल्पविराम तेच, पण आकडे आपोआप देवनागरी. एका टोळक्याने कौतुकाने मराठी लावलं, पडदा देखणा झाला, आणि तोच सजवलेला मजकूर निर्यातीच्या फाइलीत गेला. तिथे तो मजकूर म्हणूनच उतरला. लेखापरीक्षकांनी एक्सेलमध्ये बेरीज मारली तर शून्य. आता सजावट फक्त पडद्यापुरती. फाइलीत जाते ती पैशांची मूळ संख्या.

रिकामं आणि शून्य यांतला फरकही ह्याच थरात पक्का केला. पगारपत्रकात वजावटीच्या जागी शून्य म्हणजे 'वजावट नाही', रिकामं म्हणजे 'अजून भरलं नाही'. आधीचा कोड दोन्हींना शून्य समजायचा आणि अर्धवट भरलेलं पत्रक पूर्ण म्हणून पुढे जायचं.

यावर टायपिंगचा थर. इथे आम्ही सर्वांत जास्त हट्ट केला आणि हरलो. आकडा टाकता टाकता स्वल्पविराम पडावेत असं सगळ्यांनाच वाटत होतं. १,२५,००० मधला दोन खोडून तीन करायचा आहे समजा. दोन खोडला की उरतात १५,०००. रकान्याचा मजकूर आम्ही बदलल्यामुळे कर्सर उडी मारून शेवटी जातो. तीन टाकला की होतात १,५०,००३. कर्सरच्या डावीकडे किती आकडे होते ते मोजून त्याला परत जागेवर बसवता येतं, आम्ही ते केलंही. संगणकावर चाललं. अँड्रॉइडच्या कीबोर्डांवर कोणती कळ दाबली हेच धड कळत नाही, बऱ्याचदा सगळ्या कळा एकाच २२९ ह्या क्रमांकाने येतात, आणि कर्सर पुन्हा नाचू लागला. शेवटी ठरवलं की रकान्यात असेपर्यंत मजकुराला हात लावायचा नाही, बाहेर पडलं की स्वल्पविराम घालायचे.

पण मग टाकताना शून्यं मोजायची कशी? त्याचं उत्तर चेकबुकात होतं. रकान्याखाली एक बारीक ओळ : 'अक्षरी रुपये पंचवीस हजार फक्त'. टाकता टाकता बदलणारी.

अक्षरी

ही ओळ दोन दिवसांत होईल असं मी म्हणालो होतो. इंग्रजीत विसाच्या आतले शब्द आणि दहांचे आठ शब्द दिले की काम भागतं. मराठीत शंभराच्या आत जोडून काही होत नाही, नव्याण्णव शब्दांची अख्खी यादी हाताने लिहावी लागते. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी गाडी नीट चालते आणि शेवटी नव्याण्णवपाशी रूळ सोडते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'सोबत 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. मीही तेव्हा हसलो होतो. यादी लिहिताना हसू आलं नाही.

पहिल्या चाचणीत शंभर रुपयांच्या पावतीवर 'एकशे रुपये फक्त' छापून आलं. एकशे एक बरोबर, दोनशे बरोबर, पण नुसते शंभर हे शंभरच. ते दुरुस्त केलं, तर 'एकशे कोटी' राहून गेलं. तिथेही शंभर. आणि शंभर कोटींच्या पुढे अब्ज म्हणायचं का यावर आमच्यात तासभर वाद झाला, तो एका शाखाधिकाऱ्यांनी मिटवला : "दोनशे कोटीला दोनशे कोटीच म्हणतात हो. अब्ज शाळेत."

ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ही ओळ वाचली जावी म्हणून ती 'बदलली की बोल' अशी बांधली होती. एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लावून स्वतः ऐकलं तेव्हा लाज वाटली. पंचवीस हजार टाकेपर्यंत तो दोन, पंचवीस, दोनशे पन्नास, दोन हजार पाचशे असं अखंड बोलत राहिला. आता रकान्यातून बाहेर पडल्यावर एकदाच बोलतो.

जे घेतलं नाही

उणे चिन्ह घेतलं नाही. पगारवाले रागावले. पण त्यांच्या पडद्यावर उण्याचा अर्थ दर ठिकाणी वेगळा होता : कुठे वजावट, कुठे मागची दुरुस्ती, कुठे नुसती चूक. त्याऐवजी रकमेशेजारी 'नावे / जमा' अशी निवड ठेवली, आणि तो वेगळा छोटा कंपोनंट झाला. हिशेबनीसांना हे लगेच रुचलं, खतावणीत ते तसंच लिहितात. जिथे खरोखर उणे लागतं अशा एक-दोन जागी त्या टोळक्याने खालचं फंक्शन थेट वापरून आपला रकाना स्वतः बांधला. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

पूर्ण रुपयात करणंही घेतलं नाही. जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयात येते, पन्नास पैसे आणि वर असेल तर पुढच्या. पण ते कराच्या हिशेबाचं काम. रकान्यानेच पैसे गिळले तर मूळ आकडा कुठेच उरत नाही. वजनाला अर्थातच स्वतःचा, दोन कप्प्यांचा रकाना मिळाला. 'रक्कम'शी त्याचं सामाईक काय, तर देवनागरी आकडे बदलणारी ती चार-पाच ओळींची मदत. अडतवाल्यांना तो एका दुपारी बांधून झाला.

प्रॉप आता पाच आहेत. सहावा मागायचा असेल तर कोणत्या शाखेत, कोणाच्या हाताखाली अडलं ते सांगावं लागतं. दोन मागण्या तेवढ्यावरच मागे गेल्या आणि एक, तारणाच्या पडद्यावरची, आत आली.

पगारवाले परत आले ते आमच्या समजावण्याने नाही. त्यांच्या एका ग्राहकाने पतसंस्थेच्या पडद्यावर अक्षरी ओळ पाहिली आणि 'आम्हाला का नाही' म्हणून विचारलं. त्यांच्या छापील पत्रकात ओळींची उंची बिघडली, ती दुरुस्त करायला एक आठवडा गेला, आणि गोठवलेली आवृत्ती सुटली.

मध्यंतरी त्या शाखेत दुसऱ्याच कामाने गेलो होतो. रोखपालांनी पंधरा हजारांचा हप्ता घेतला, आकडा टाकला, खालची अक्षरी ओळ ओठांतल्या ओठांत वाचली. चाक आता कुठेही फिरवलं तरी पानच हलतं, हे त्यांना सांगून झालं आहे, करूनही दाखवलं आहे. त्यांनी मान डोलावली होती. तरी त्यांनी माउस उचलला, रकान्यापासून वीतभर लांब नेऊन ठेवला, आणि मगच चाक फिरवलं.